थांब, बसू दे. हां, आता हसव

दर्शना झोपेत गेली नाही.

वर्षभर लोक मला 'झोपेतच गेली का?' असं विचारतायत, म्हणून एकदाच लिहिते. डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरत गेल्या आणि ती गेली. तिच्या झोपेला आता तरी नावं ठेवू नका. आयुष्यभर ठेवून झालीत.

आज वर्ष झालं.

पनवेलच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर. मी करंजाड्याच्या सोसायटीतली, ती ओवे गावातल्या आगरी घरातली. सायकॉलॉजी घेतलं, कारण त्यात गणित नसतं असं कोणीतरी सांगितलं होतं. (शुद्ध थाप. स्टॅटिस्टिक्स असतं.)

दर्शना कुठेही झोपायची. लेक्चरला, रिक्षात, एकदा तर पाणीपुरी खाता खाता, हातात पुरी तशीच.

"रातभर मोबाइल बघते, दुसरं काय," तिची आई म्हणायची. सगळ्यांना पटायचं. मलाही.

आणि दुसरी गोष्ट. मनापासून हसली की ती पडायची. गुडघे मोडायचे, मान लटकायची, दोरीवरची साडी घसरावी तशी खाली. थोड्या वेळाने आपली आपण उठायची.

आम्ही म्हणायचो, ओव्हरॲक्टिंग बंद कर.

मग तिच्या चुलत भावाची हळद आली.

मांडवात बायका नवऱ्याच्या मामीवर गाणं रचून चिडवत होत्या. दर्शना हसली आणि मांडवातच कोसळली.

"पोरीच्या अंगात आलंय!" कोणीतरी ओरडलं.

झालं. कपाळभर कुंकू, ओटी, नारळ. एक काकू पायाशी बसून विचारायला लागली, "आई, माझ्या पोराचं लगीन कंदी होनार?"

दर्शनाला सगळं ऐकू येत होतं. अंगातला जोर जायचा, पण शुद्ध कधीच जायची नाही.

"अगं, त्या पोराला मी ओळखते ना," ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. "मला आनखी हसू आलं. हसू आलं की उठताच येईना. जितका वेळ मी पडलेली, तितकी देवी मोठी!"

त्यानंतर दर मंगळवारी बायका घरी यायला लागल्या.

मला तेव्हाच एक विनोद सुचला होता. पण तो मी तिला सांगितला नाही. देवीला कोण विनोद सांगणार?

कोणीच सांगेना. कॉलेजातल्या ओव्याच्या मुलीसुद्धा तिच्यासमोर जपून बोलायला लागल्या. दर्शना झोपाळूची देवी झाली, आणि गप्प झाली.

मग एके दिवशी मॅडमनी खाणं, झोप आणि आवेग यांच्या विकारांचा धडा घेतला. त्यांचं एक वाक्य अजून आठवतं. "या आजारांना आपल्याकडे आजार म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात. खादाड. आळशी. चोरटा. एकदा विशेषण चिकटलं की डॉक्टरकडे कोण नेतो?"

पुढे नार्कोलेप्सी आली. दिवसा अनावर झोप. काहींना हसताना अचानक स्नायू सैल पडणं. शुद्ध शाबूत.

मी शेजारी बघितलं.

दर्शना गाढ झोपली होती.

कॅंटीनमध्ये तिच्यासमोर वडापाव ठेवला आणि म्हटलं, "दर्शने, आज शिकवला तो धडा तू आहेस."

ती हसली नाही. रडली. म्हणाली, "म्हंजे मी आळशी नाय?"

एवढंच विचारलं तिने. मला अजूनही त्या प्रश्नाचा राग येतो. तिचा नाही, आम्हा सगळ्यांचा.

तिची आई मात्र ऐकेना. तिचंही खरंच होतं म्हणा. आळशी पोरीची आई म्हणून टोमणे खाल्लेली बाई, तिला आता कुठे मान मिळत होता. "आजारी म्हनलंस तर लगीन कोन करील? देवी म्हनलंस तर पाया तरी पडतील."

दर्शना म्हणाली, "पाया पडतात गं आई. पन मला हसवत नाय कोन."

मग मुंबईला डॉक्टर, स्लीप टेस्ट, गोळ्या, दुपारची ठरलेली डुलकी. पूर्ण बरं होत नाही, सांभाळता येतं. पुढे जासईच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे पहिल्याच दिवशी तिने साहेबांना सरळ सांगितलं, "जेवणानंतर मी झोपणार. आणि मी पडले तर कुंकू लावू नका."

मंगळवार बंद झाले. आई बराच काळ घुश्शात होती. 'आजार' हा शब्द तिने कधीच उच्चारला नाही.

आणि दर्शना परत हसायला लागली. तिची एक पद्धत होती. कोणी विनोद सुरू केला की हात वर करायची. "थांब, बसू दे." भिंतीला पाठ टेकून नीट बसायची. "हां, आता हसव."

इतकी तयारी करून हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी तिला घरी आणलं. अंगणात माणसं जमली. कोणीतरी कुजबुजलं, "तशी झोपाळूच होती पोर."

आई ताडकन उठली. "तिच्या म्होरं असं बोलू नका. पडली तरी तिला ऐकू येतं."

मग न्यायची घाई सुरू झाली, तर म्हणाली, "थांबा जरा. तिला येळ लागतो उठायला."

आम्ही सगळे थांबलो.

ती उठली नाही.

मी खाली वाकले आणि तिच्या कानात तो जुना विनोद सांगितला. पुढे कधीतरी चांगल्या दिवशी सांगू म्हणून राखून ठेवला होता. "दर्शने, मंगळवारी बायका तुझ्याकडे कशाला यायच्या माहितीये? दर्शनाच्या दर्शनाला."

इतका फालतू विनोद. ती जिवंत असती तर नक्की पडली असती.

दर्शना, श्रद्धांजली वगैरे लोक वाहतील. मी वर्षभराचे विनोद घेऊन आलेय.

आधी बसून घे.