त्याच्या आवाजातली प्रेमगीतं

आष्ट्याच्या बँडमधला तो गायक. चीनच्या लढाईनंतर त्याची रेकॉर्ड निघाली. प्रेमगीतं सगळी जुनी, गाजलेली. आवाज तेवढा त्याचा. घरी ग्रामोफोन नव्हता. म्हणून घरासमोरच्या हॉटेलात येऊन तो मान खाली घालून म्हणायचा, "आवं मालक, जरा मोठ्यानं लावा. ती पडल्या पडल्या ऐकतीया." बायको क्षयानं अंथरुणाला खिळली होती. आम्ही गिऱ्हाइकं कुरकुरायचो, "नक्कल कशाला? मूळची लाव की." तो नुसता हसायचा.

ती गेली. तेराव्यानंतर तो आला, तेव्हा मालकानं आपणहून त्याची रेकॉर्ड लावली. त्यानं उठून सुई उचलली.

"ऱ्हाऊ द्या. मला ऐकवत न्हाई."

पोटासाठी लग्नांत तीच गाणी गावी लागायची. नवरा-नवरी समोर आली, की तो पाठ फिरवून गायचा.