पाल्यापाचोळ्याचा बांध

करवीरनिवासिनी अंबाबाईस साष्टांग प्रणिपात करून लिहावयास बसलो आहे. मार्गशीर्षातील एका रविवारी कोल्हापूरच्या तरुणांच्या श्रमदानास आशीर्वाद देण्यासाठी मी वाईहून गेलो, त्या प्रवासाचा हा वृत्तान्त. नित्याची पूजा आटोपली, तरी क्रोध शमलेला नाही. वाचकांनी तो सोसून घ्यावा.

निमंत्रण माझा जुना विद्यार्थी श्रीधर याचे. तो कोल्हापुरात एक सेवामंडळ चालवतो आणि महाविद्यालयीन मुलामुलींना गावोगावी कामास नेतो. सकाळी देवीचे दर्शन घेतले आणि शिवाजी पेठेतून निघालेल्या बसमध्ये बसलो. पन्हाळ्याचा डोंगर मागे पडला. शाहूवाडीकडे कापणी झालेली भातखाचरे उन्हात पिवळी दिसत होती. मुले तारस्वरात गात होती. ऐकून मन प्रसन्न झाले.

शेजारी हीना मुल्ला नावाची विद्यार्थिनी होती. तिच्या मांडीवर सुतळीचा गुंडा आणि दाभण (पोती शिवण्याची जाड सुई) होती.

"अब्बांचं टेलरिंगचं दुकान हाय, आजोबा. पोत्यांची तोंडं मीच शिवणार की!"

डोंगराच्या कुशीतील वाडीवर अनुसाबाईंनी गूळपाणी दिले. सर्वांचा स्वयंपाक त्यांच्याच अंगणात चालला होता. ओढ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पावणं, ह्यो वढा लवकर आटतोय. औंदा पाणी अडलं न्हाय, तर उन्हाळ्यात म्हसरं (म्हशी) इकाया लागतील. दुधावर चूल हाय आमची."

वाळूची पोती रचून तेथे बांध घालावयाचा होता. वाडीची रीत पैऱ्याची, म्हणजे एकमेकांच्या कामास जाण्याची. ज्याचे काम त्याने जेवू घालावे. मात्र काम पुरे झाल्याखेरीज पान मांडू नये.

मला झाडाखाली खुर्ची दिली होती. माध्यान्हीच्या सुमारास श्रीधर धावत आला. "गुरुजी, बांध झाला. जलपूजन करावे."

इतक्यात? मी बांधाशी गेलो, वरुणाचे स्मरण केले आणि नारळ ठेवण्यासाठी पोत्यावर हात टेकला. पोते घसरले. नारळासह मी ओढ्यात बसलो! पोत्याचे उघडे तोंड माझ्यासमोर होते आणि त्यातून वाळका पाला वाहत होता. दुसरे पोते ओढले, त्यातही पाला.

हीना ओरडली, "मी म्हणत होतो की, शिवू द्या म्हणून! सर म्हणालं, वेळ न्हाय. वाळू भरायला उशीर लागतोय, पाला कोंबा, फोटोत उंच दिसतंय!"

श्रीधरने मला उठवले आणि तो हळूच म्हणाला, "गुरुजी, फोटो निघालाय. गाडी खोळंबली आहे. मुलांच्या श्रमदानाच्या प्रमाणपत्रांवर सह्या तेवढ्या कराव्यात."

वरुणाला आवाहन करावयाचे आणि पोत्यात पाला भरावयाचा! याला सेवा म्हणताना जीभ कशी अडखळत नाही? मुले कोवळी आहेत; जे दाखवाल ते शिकतील. आज त्यांना कपट शिकवले गेले, तेही माझ्या हातच्या नारळाने पवित्र करून!

"एकही सही होणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला.

अनुसाबाईंनी पातेल्यांवर झाकणे ठेवली. "रागावू नगा. पर बांधाबिगर पान न्हाय."

"मीही जेवणार नाही," मी म्हणालो.

मुले बसकडे वळली. त्यांत शिवाजी पेठेतील तालमीचा संग्राम होता. हीनाने त्याला गाठले. "पैलवान म्हणं! आखाड्यात मातीत लोळतोस, हितं चिखलाची लाज वाटती व्हय रं?"

"लाज न्हाय गं, संध्याकाळी फुटबॉलची मॅच हाय!"

"मग जा की! म्हसरांला सांग, गोल झाल्यावर पाणी मिळंल!"

संग्रामने तिच्याकडे पाहिले, माझ्या भिजलेल्या धोतराकडे पाहिले आणि बूट काढले. त्याच्यामागे आणखी काही जण उतरले. बाकीच्यांना घेऊन श्रीधर गेला. प्रमाणपत्रांचा गठ्ठा माझ्या पिशवीत कोंबून गेला.

पोती रिकामी झाली आणि वाळूने भरली गेली. मी तोंडे धरीत होतो, हीना शिवीत होती, संग्राम खांद्यावरून नेत होता. ऊन उतरले तेव्हा पाणी थांबले, मागे सरले आणि चढू लागले. अनुसाबाईंनी म्हैस आणली. ती घोटभर प्याली, मग गुडघाभर पाण्यात जाऊन निवांत उभी राहिली. तेव्हा पाने मांडली गेली. नव्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी आणि डोळ्यांत पाणी आणणारा मिरचीचा खर्डा होता. मी प्रमाणपत्रे काढली, तर संग्राम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आजोबा, हात बरबटल्यात." आम्ही दुधाच्या टेम्पोतून परतलो.

गठ्ठा आता माझ्या देवघरात आहे. काल श्रीधरचा दूरध्वनी आला, "गुरुजी, सह्या?"

मी त्याला सांगितले, "वाडीच्या वरच्या अंगाला दुसरा ओढा मोकळा वाहतो आहे. गेलेल्या मुलांना घेऊन ये आणि तू स्वतः वाळू भर. अनुसाबाईंनी पान वाढले, की मी तेथेच सही करीन."

त्याच्या निरोपाची वाट पाहतो आहे. मी धोतर धुऊन ठेवले आहे.

वाचकहो, अंबाबाई तुमच्या घरातील मुलांच्या हातांना खरे काम देवो, आणि तुमच्या दारच्या मुक्या जनावरालाही भर उन्हाळ्यात पाणी मिळो. शुभं भवतु.