मोहाखाली पसरलेला पाला

भाऊ मेले, तेही ऐन कामाच्या दिवसांत.

चैत्र लागलाय. कुंपण अर्धं झालंय, आंब्यांना आळी करायची राहिलीत, आणि मालक गेला निघून. हे काय जायचे दिवस होते?

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी मला रागच आला. भाऊंच्या बाबतीत माझं नेहमी असंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊ गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. चामोर्शीजवळ दोन एकर शेत घेतलं होतं, निव्वळ शौक म्हणून. पोट पगारावर, जीव शेतावर.

मी चंद्रपूरचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सेकंड इयरला सरांशी भांडलो आणि कॉलेजच सोडून आलो.

बाप म्हणाला, आता माती खा. आणि बुद्धविहारातल्या आपल्या मित्राच्या, म्हणजे भाऊंच्या शेतावर मला नेऊन टाकलं.

मला वाटलं, झाडाखाली झोपून राहू.

कसलं काय.

फाल्गुनापासून जे सुरू व्हायचं! बोरी छाटा. धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, माती चढवा. शेणखत पसरा. लिंबाच्या खोडांना चुना-मोरचुदाचा लेप द्या. आणि हा लेप भाऊ दवाखान्यातल्यासारखा तोलून, घोटून तयार करणार. त्याला 'मलम' म्हणणार. फांदी छाटली की लगेच जखमेला मलम.

गावातले लोक शेताला 'दवाखाना'च म्हणायचे. मला वॉर्डबॉय.

डोकं फिरायचं. दर शनिवारी ठरवायचो, सोमवारी पळून जायचं.

पळालो नाही, कारण सुमन.

धुऱ्यावर मोहाचं एक मोठं झाड होतं. तांबडं फुटताना सुमन आणि तिची आई टोपल्या घेऊन फुलं वेचायला यायच्या. तिचे वडील तलावात मासे धरायचे. तलाव आटला की घर या मोहावर चालायचं.

माझ्याशी ती बोलायची नाही. एकदाच लिंबाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बिमार हाय का? मलम काऊन लावून राह्यले?"

तेवढ्यावर मी पुढचा मोहाचा हंगाम येईपर्यंत जगलो.

त्या हंगामात फुलं गळायला लागली आणि भाऊ ड्युटीवर परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून ओरडले, सारं शेत साफ पायजे.

मी साफ केलं. वर प्रेमातला शहाणपणा केला. सुमनला वाकून पाला झाडावा लागू नये म्हणून मोहाखालचंही मीच झाडून ठेवलं. एकदम लख्ख.

सकाळी दोघी आल्या आणि कुंपणाशीच थांबल्या.

"झाडून घेतलं न?" सुमन म्हणाली. "मंग वेचा तुमीच."

आणि गेल्या.

मला काही कळेना. शेवटी शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं. इकडे मोहाखालचा पाला जो झाडतो, त्या हंगामाची फुलं त्याची. जमीन कोणाचीही असो.

म्हणजे मी तिच्या घरचं झाड हिसकावलं होतं. प्रेमापोटी!

तिच्या घरी गेलो. आईनं पाणी दिलं, बस म्हटलं. शेत तुमचं, झाड तुमचं, आमचं काय, एवढंच बोलली. भांडली असती तर परवडलं असतं. सुमन तर बाहेरच आली नाही.

फुलं पडत राहिली. बकऱ्या खात राहिल्या.

रविवारी भाऊ आले. सगळं ऐकून घेतलं.

"तुले डोस्कं हाय का?"

मीही भडकलो. "तुमीच तं म्हटलं, सारं साफ पायजे."

"अबे, शेत साफ कर म्हटलं. कोनाचं घर साफ कर नाई म्हटलं."

मग खताच्या खड्ड्याकडे गेले. तिथे माझ्याच हातानं महिनाभर जमा करवलेला वाळका पाला होता. टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि मोहाखाली नेऊन ओतली.

मग दुसरी. मग आणखी.

ज्या माणसाला शेतात एक काडी आडवी चालायची नाही, तो माणूस उकिडवा बसून हातानं कचरा पसरवत होता. नीट, सगळीकडे सारखा. मी मदतीला गेलो तर हात झटकला.

"आता जा. बाईले हात जोडून सांग, मोहाखाली लय कचरा झाला, झाडून देनारं कोनी नाई."

गेलो. शब्द न् शब्द तसाच म्हटला.

तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती.

दारामागून सुमनचा आवाज आला, "कचरा केला कोनं?"

"भाऊनं."

"खोटं."

"चालून पाहा."

ती आली. पाल्याकडे पाहिलं. भाऊंकडे पाहिलं. त्यांच्या केसांत पानं अडकली होती. तिनं खराटा घेतला आणि झाडायला लागली.

आणि मी?

मला भाऊंनी शेताच्या दुसऱ्या टोकाला खत पसरायला पाठवलं. तिथून नुसता मोहाचा शेंडा दिसत होता. इतका राग आला होता त्या दिवशी!

आता हे सगळं चामोर्शीच्या गाडीत बसून लिहितोय. ऊन मी म्हणतंय, माणसं दाटलीत, आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही.

सुमन खिडकीशी बसलीय. फोन आल्यावर आमच्या घराला कुलूप तिनंच लावलं.

भाऊ, जरा थांबा. आम्ही दोघंही येतोय.

शेवटचा जयभीम घ्या आणि मग जा.