चकचकीत कार्डं

विद्यापीठाच्या गेटसमोर लॅमिनेशनचं दुकान चालवणाऱ्या मामांचा आवाज मशीनपेक्षा मोठा आहे. विद्यार्थी काहीही घेऊन आला, की आधी उलटतपासणी. "पावणं, ह्यात नवीन काय हाय ते सांगा की!" माझं ताऱ्यांवरच्या संशोधनाचं पोस्टर बघून म्हणाले, "समदं काळंच हाय की, उजेड कुठं हाय?" ताऱ्यांचा उजेड मी कसा मोजतो ते सांगितलं, तेव्हा कुठे कागद मशीनमध्ये गेला. प्रयोगशाळेत उसाच्या चिपाडाच्या ताटल्या करणाऱ्या माझ्या मित्राकडून त्यांनी एक मागून घेतली, तिच्यात तांबडा रस्सा ओतला आणि निकाल दिला, "दम धरती की!"

माझी मैत्रीण स्वमग्न मुलांना शिकवण्यावर संशोधन करते. तिची चित्रांची कार्डं मामांनी न विचारताच चकचकीत करून दिली. चकचकीत तेच चांगलं, ही त्यांची श्रद्धा. पण वर्गातल्या एका मुलीला ती चमक सोसेना. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

मैत्रिणीनं हे मामांना येऊन सांगितलं. मग त्यांनी सगळी कार्डं बिनचमकीच्या फिल्ममध्ये नव्यानं केली, कोपरे गोल कापले आणि एकेक कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून तपासलं.

तेव्हापासून उलटतपासणीचा पहिला प्रश्न बदलला आहे. "बघणार कोण हाय?"

तीन वर्षांच्या संशोधनात मला हे दुसऱ्या कुणीच विचारलेलं नाही.