बुकित तिमाहमधला पुण्याचा ध्रुव

दुर्बिणीला हळदकुंकू वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो केमिकल इंजिनीअर होता.

सिंगापुरात जुरोंग आयलंडवर मोठी नोकरी, बुकित तिमाहला बंगला, बंगल्यामागे हिरवळ, आणि तिथे पुण्याहून आणलेली दुर्बीण. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचसहा मराठी मंडळी तिथे तारे बघायला जमायचो. मी तेव्हा विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक होते. माझ्या भाड्याच्या खोलीतून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे सोडून काही दिसत नसे, म्हणून त्या हिरवळीची गरज.

मला एकच फोटो हवा होता. मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या शेजारी, एक तेजोमेघ आहे. नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात बाबा पोरांसाठी अभ्यासिका चालवायचे. तिथली भिंत नव्याने रंगवली तेव्हा फोनवर म्हणाले, "एक आकाशाचा फोटो पाहिजे बेटा. विकतचा नको. तू काढलेला." माझी नोकरी एप्रिलमध्ये संपत होती आणि मृग संध्याकाळी डोक्यावर असतो तो फेब्रुवारी-मार्चात. एकदा परत गेले की असली दुर्बीण मला कोण देणार होतं?

पहिल्याच दिवशी यजमानांनी प्रेमाने विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं?"

"आम्ही बौद्ध. कुलदैवत नाही."

"अरे वा, छान छान," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून दुर्बीण नाजूक झाली. "प्रत्येकाचा हात नको लागायला, काय?" तांजोंग पगारच्या बँकेतला एक गृहस्थ मात्र भजी खाल्लेल्या बोटांनी खुशाल फोकस फिरवायचा. त्याला भिंग आणि बरणीचं झाकण यांतला फरक कळत नव्हता. मला काम होतं कॅमेरा आणायचं, तो जोडायला त्यांच्या हातात द्यायचं, आणि वाहवा करायचं.

वाहवा कशाची? रेघांची! दर फोटोत प्रत्येक तारा लांबट, आणि तेजोमेघ म्हणजे कुणी ओल्या फडक्याने पुसलेला डाग. कारण शेंबड्या पोराला कळावं असं होतं. तारे सरकतात, म्हणून दुर्बीण त्यांच्यामागे एका अक्षाभोवती हळूहळू फिरवावी लागते, आणि तो अक्ष ध्रुवाकडे रोखलेला लागतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून अठरा अंश वर. सिंगापूर पडलं विषुववृत्ताशेजारी. इथे ध्रुव जवळजवळ जमिनीला टेकलेला, दिसतसुद्धा नाही. अक्ष आडवा करायला हवा.

पण यजमानांच्या गुरूंनी पुण्यात स्वहस्ते तो अठरावर लावून दिला होता! तो कोनाचा स्क्रू हलवणं म्हणजे गुरूंचा अपमान. दर दसऱ्याला लिटल इंडियातून झेंडू यायचा, स्क्रूला हळदकुंकू लागायचं, वर लाल दोरा. आणि रेघा आल्या की खापर इंडोनेशियातल्या वणव्यांच्या धुरावर, रस्त्यावरच्या दिव्यांवर, नाहीतर बायकोच्या चालण्यावर. "तू धपधप चालतेस, जमीन हादरते," असं ते तिला चारचौघांत ऐकवायचे. ती बिचारी मग स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहायची.

मी दोनदा सांगून पाहिलं. "दादा, हा पुण्याचा कोन आहे."

"अगं, गुरूंची ह्यात चाळीस वर्षं गेलीत," ते हसले. सगळे हसले. बँकवालाही हसला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मार्चातल्या एका शनिवारी यजमानांची कंपनीची बस अडकली. आकाश असं स्वच्छ की सिंगापुरात वर्षातून एकदा मिळावं. मंडळी भजी खात बसली. पश्चिमेकडून ढग यायला लागले होते. तेवढ्यात वहिनी दारातून बाहेर आल्या. "तू लाव गं. ह्यांची वाट बघशील तर पाऊस येईल."

त्यांनीच कात्री आणून दिली. मी सगळ्यांदेखत दोरा कापला, स्क्रू सैल केला, दुर्बिणीचा अक्ष उतरेल तेवढा खाली उतरवला. तेवढ्याने भागेना, तेव्हा उत्तरेकडचा पाय आखूड करून अख्खी तिवईच कलती केली. आणि एकामागून एक फोटो घेत सुटले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारे आले ते टाचणीच्या टोकासारखे, आणि मधोमध गुलाबी, पंख पसरलेला तेजोमेघ. वहिनी हरखून म्हणाल्या, "अगंबाई! हा इथेच होता इतकी वर्षं?"

यजमान आले. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तेजोमेघाकडे ढुंकून पाहिलं नाही. वाकून स्क्रू पाहिला.

"कुणी हात लावला?"

"मी."

ते माझ्याशी बोललेच नाहीत. बँकवाल्याला म्हणाले, "उद्या सगळं धुऊन घ्यावं लागेल."

ते काय धुवायचं म्हणत होते ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. सगळे शिकलेले, सगळे भजीच्या ताटलीकडे वळले.

"धुवा की," मी म्हटलं. "पण परत अठरावर न्याल तर जन्मभर रेघा ओढत बसाल." कॅमेरा काढून घेतला आणि निघाले. बसमध्ये संतापाने रडू आलं, डोळे मी पुसलेही नाहीत. पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. दुर्बीण धुतली होती आणि अठरावर नेली होती.

मी ते सगळे फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचून एक केला, मोठा छापून नागपूरला पाठवला. बाबांचा फोन आला. भिंतीवर लावला होता, पोरं शेजारी उभी होती, मागून गलका ऐकू येत होता.

"खाली काय लिहू बेटा? तेजोमेघ, सिंगापूर, एवढं पुरे?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुणी काढला ते लिहा. पूर्ण नाव, आडनावासकट. मोठ्या अक्षरात."