आठ बाय दहात न मावलेली आत्या

माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, साताऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिने लग्न केलं नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिच्याकडेच राहिले होते. ती रिटायर झाल्यावर मी हट्ट धरला आणि आई-बाबांबरोबर ती आमच्याकडे ख्राइस्टचर्चला चार महिन्यांसाठी आली.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग घर लहान पडायला लागलं. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्लिशमध्ये. आत्याला ते खटकायचं. "मराठीत सांग," ती म्हणायची, आणि मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा मी ऑफिसातून दमून आले, तर पुन्हा तेच चाललेलं. मी म्हणाले, "आत्या, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. तू मध्ये पडू नकोस."

"बरं," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला गेली. तो विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले.

त्यांच्या परतीच्या आधीच्या रविवारी आम्ही समनरच्या किनाऱ्यावर गेलो. नवऱ्याने फोन ट्रायपॉडवर लावला, टायमर सुरू केला आणि धावत येऊन उजव्या बाजूला उभा राहिला. आम्ही सहाजण एका ओळीत. आत्या अगदी डाव्या टोकाला, आईपासून हातभर लांब, वाऱ्याने उडणारा पदर धरून.

"आत सरक ना," मी म्हटलं.

"असू दे गं, येतेय मी फोटोत."

फोटो सुरेख आला. फोनवर लांबोडका, आडवा, पूर्ण स्क्रीनभर. त्याच्या दोन फ्रेम करायच्या ठरवल्या, एक आई-बाबांना, एक आत्याला. मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून मी फोनवरूनच ऑर्डर दिली. साइझ निवडला आठ बाय दहा इंच, कारण त्या फ्रेम्स लगेच मिळणार होत्या. स्क्रीनवर फोटोच्या दोन्ही कडांना करड्या पट्ट्या दिसत होत्या आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की फोटोचा काही भाग छापला जाणार नाही. तेवढ्यात मुलगी ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, हातात घेऊन गाडीत शिरली. मी ओके दाबलं.

फ्रेम्स पुठ्ठ्याच्या खोक्यांत बंद होऊन आल्या. मी त्या न उघडताच दोन बॅगांत ठेवल्या.

ते पोचल्यावर आठवडाभराने मी आत्याला फोन केला. "फोटो लावलास का?"

"लावला की. छान आलाय. समुद्र काय निळा दिसतोय."

त्यानंतर दीड वर्षं आम्ही फोनवर बोलत राहिलो. फोटोबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. मग एका सकाळी बाबांचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचं घर आवरायला बाबा आणि मी साताऱ्याला गेलो. बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसलं की समोर दिसेल असा तो फोटो होता. आई, बाबा, मी, मुलगी आणि एक खांदा अर्धा कापला गेलेला नवरा. डावीकडे आईच्या शेजारी फक्त वाळू होती. फ्रेमच्या अगदी कडेला पदराचं एक टोक तेवढं उरलं होतं.

शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. मी फोटोपुढे उभी आहे, हे पाहून म्हणाल्या, "फार जीव होता हो त्यांचा या फोटोवर. आल्यागेल्याला दाखवायच्या. म्हणायच्या, मीच काढलाय."

काकू गेल्यावर मी खालीच बसले. बाबा कपाटातली पुस्तकं बांधत होते.

"बाबा, तुमच्याकडच्या फोटोतही ती नाहीये?"

"नाही."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

बाबांनी सुतळीला गाठ मारली. "तिनेच बोलू दिलं नाही. तिला वाटलं, तुला राग आलाय. त्या दिवशी तू काहीतरी म्हणालीस ना, घरातलं आणि बाहेरचं."

"मी बाहेरचं असं म्हटलंच नव्हतं."

"मी तिला म्हटलं, विचार तरी. तर म्हणाली, विचारलं तर पोरीला खोटं बोलावं लागेल. कशाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लांबट फोटो जवळजवळ चौरस कागदावर छापला, की मशीन दोन्ही कडा कापून कागद भरतं. मी पाहिलं नाही. घाईत होते. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीनने कापलं," ते म्हणाले. "हे तिच्या कानावर जायला हवं होतं."

मला रडू आलं, पण बाबांसमोर रडायचीही लाज वाटली.

ख्राइस्टचर्चला परतल्यावर मी मूळ फोटो घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीसमोर बसून सगळं नीट केलं. कागद तोच, आठ बाय दहा, पण या वेळी कागद भरायचा नाही, पूर्ण फोटो बसवायचा. दहा इंच रुंदी घेतली, की उंची साडेपाच इंचांच्या जरा वर येते, आणि बाकी जागा वर-खाली पांढरी राहते. ती मुलगी म्हणाली, पांढरं नको असेल तर थोडं क्रॉप करू या, जास्त चांगलं दिसेल. मी नको म्हटलं. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल', असं म्हणत तिने बटण दाबलं. एवढंच करायचं होतं.

छापील फोटो हातात आल्यावर मी प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कुणीही कापलं गेलं नव्हतं.

एक प्रत बाबांना पाठवली. मिळाली त्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. फोटो त्यांच्या मांडीवर होता.

"वर-खाली कोरं राहिलंय," ते म्हणाले.

"हो बाबा. तसंच ठेवायला सांगितलं मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फोटो जवळ धरला.

"हसतेय ती," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मग आईने फोन घेतला आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगत राहिली. मी ऐकत होते.