मारोतीचं मत

तुरुंगाच्या गेटाबाहेर लिंबाखाली मुलाखतीची वाट बघत बसलं, की उपाशी पोटसुद्धा किश्श्यांनी भरतं! माझे दीर मारोती बांधावरच्या मारामारीत आत गेले. कच्चे कैदी, खटला अजून उभाच राहिला नव्हता. आपला जिल्हा नवा झाला त्या श्रावणात निवडणूक आली. जाऊ द्वारका आणि मी सेनगावहून एसटीनं भेटायला जायचो, आणि जाळीपलीकडून मारोतीचं एकच पालुपद: "वहिनी, आजवर माझं एक मत चुकलं न्हाई. याबी टायमाला चुकू देऊ नका."

*

जेलरसाहेबांच्या हातावर नागनाथाचा प्रसाद ठेवून मी विचारलं, "मारोतीला मत द्यायला कधी नेताल?"

"आत असलेल्याला मत नसतं, बाई."

"पण गुन्हा कुठं शाबीत झालाय?"

"तो व्हईल तवा व्हईल. मत आत्तापासूनच बंद!"

त्या संध्याकाळी जपाला बसले, तर ओठावर देवाचं नाव आणि डोक्यात जेलर!

*

जवळा बाजारच्या शांताकाकूंचा धाकटा आत होता. त्या म्हणाल्या, "थोरल्याला तर सजा झाली बाई, पर अपिलात जामीन भेटला. तो मत देणार हाय!"

द्वारका उसळली, "मंग आमच्या मालकालाबी आदी सजा द्या म्हणावं!"

*

त्याच तुरुंगातला एक पुढारी आतून निवडणुकीला उभा! त्याची जीप कर्णा लावून गेटापाशी आली. कार्यकर्ता द्वारकेला हात जोडून म्हणाला, "ताई, भाऊ आत असून तुमच्यासाठी उभे हायेत. लक्ष असू द्या."

"माझा नवराबी आतच हाय. देऊ द्या त्याला मत तुमच्या भाऊंला."

"ते चालत न्हाई, ताई."

"काहून? आतून उभं राहता येतं, आन आतून शिक्का मारता येत न्हाई व्हय?"

जीप वळली. कर्णा बंद!

*

जामीन मिळाला तर मारोती मत देऊ शकणार होते. तारीख पडली नेमकी मतदानाच्या दिवशी. मी देवापुढं साखर ठेवली. वकीलसाहेब म्हणाले, "त्या दिवशी कोर्टाला सुटी, ताई. सगळ्यांना मत देता यावं म्हणून!"

वर आणि म्हणतात, "एका मतानं काय अडतंय?"

"सोळा सोमवारातला एक मोडला तर काय अडतंय, ते घरी बायकोला विचारा," मी म्हटलं.

*

सत्यनारायणाला नवरा हजर नसला, तर आमच्याकडं बाईशेजारच्या पाटावर सुपारी मांडतात. तोच नवरा. मतदानाच्या दिवशी द्वारकेनं स्वतःचं मत दिलं, पदराची गाठ सोडली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर सुपारी ठेवली.

"हे आमचे मालक. यांचं मत राहिलंय."

"बाई, असं चालत नसतं."

"देवाला चालतं, साहेब."

कुणी हसलं नाही. साहेबांनी काडी शाईत बुडवली, सुपारीवर एक रेघ ओढली आणि ती द्वारकेच्या हातात परत दिली. "न्या."

पुढच्या मुलाखतीला द्वारकेनं ती जाळीला लावून दाखवली. मारोतींनी रेघ निरखून पाहिली. मग हळूच विचारलं,

"म्या मत कुणाला दिलं?"